अखड्यात प्रेक्षक नसतो

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी वक्त्याने काय बोलावे याचे संकेत ठरून गेलेले आहेत. संस्थापकांचे पुण्यस्मरण करावे, देणगीदारांचे आभार मानावे आणि नव्या पिढीला मातृभाषेविषयी चार शब्द सुनवावे. यांपैकी पहिली दोन कर्तव्ये माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने पार पाडली आहेत. तिसरे करण्याचा मला उत्साह नाही, कारण उपदेशाने एखादी भाषा टिकल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात आलेले नाही. आज मी आपणांस याच रांची शहरातल्या एका जागी घेऊन जाणार आहे. मोरहाबादीला रांची विद्यापीठाचा जो परिसर आहे, तेथील जनजातीय व क्षेत्रीय भाषा विभाग आणि त्या विभागाचा अखडा हा माझ्या बोलण्याचा विषय आहे.

मी भाषाशास्त्राचा पंडित नव्हे. इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि तेव्हापासून केंद्र सरकारच्या लेखा खात्यात आकडे तपासत आलो. या नोकरीने मनुष्याला एक खोड लागते. कागदाच्या तळाशी लिहिलेल्या बेरजेवर त्याचा विश्वास बसत नाही, तो मूळ पावत्या मागतो. संस्कृती या विषयात बेरजा फार ऐकू येतात. 'विविधतेत एकता' ही अशीच एक मोठी बेरीज. तिच्या मागच्या काही पावत्या मी येथे राहून पाहिल्या, त्या आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो खास आपल्या मंडळींचा आहे. बदलीवर नव्याने आलेल्या मराठी माणसाला कोणी सांगितले की आज नागपुरी गाण्यांचा कार्यक्रम आहे, तर तो आपल्या विदर्भातील कोणीतरी मंडळी आली असावीत अशा समजुतीने मोठ्या हौसेने जातो आणि अर्ध्या तासाने गोंधळून परत येतो. ही नागपुरी सीताबर्डीची नव्हे. ती छोटा नागपूरच्या पठाराची भाषा आहे. हिलाच सादरी असेही म्हणतात. नागवंशी राजांच्या या मुलुखात बाजारात, वाटेवर, निरनिराळ्या जमातींच्या माणसांनी एकमेकांशी बोलायचे ते हिच्यातूनच. कुळाने ती आपल्या मराठीची लांबची बहीण लागते.

विद्यापीठाच्या या विभागात नऊ भाषा शिकवल्या जात आल्या आहेत. मुंडारी, संथाळी, हो, खडिया आणि कुडुख या पाच आदिवासींच्या; नागपुरी, कुरमाली, खोरठा आणि पंचपरगनिया या चार क्षेत्रीय. पहिल्या पाचांतही सगळ्या एका घरच्या नाहीत. मुंडारी, संथाळी, हो आणि खडिया यांचे नाते मेघालयातील खासीशी आणि थेट कंबोडियाच्या ख्मेर भाषेशी लागते. उराँव लोकांची कुडुख मात्र द्राविडी, म्हणजे कन्नड-तमिळची नातेवाईक. तीन भाषाकुळे एका छपराखाली पाठीला पाठ लावून बसलेली आहेत. युरोपातील विद्वान ज्याच्यासाठी बोटीने प्रवास करीत आले, ते आपल्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

हा विभाग मंडळापेक्षा काही वर्षांनी लहान आहे. रांची विद्यापीठ १९६० साली स्थापन झाले, पण ज्या लोकांच्या भूमीवर ते उभे राहिले त्यांच्या भाषांना त्यात स्वतःचे घर मिळण्यास आणखी वीस वर्षे जावी लागली. त्या वेळी विद्यापीठाचे कुलगुरू होते कुमार सुरेश सिंह. मूळचे भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी, आणि बिरसा मुंडांच्या चळवळीचे मान्यवर अभ्यासक. सरकारी नोकर फायलींपलीकडे काही पाहत नाही असे म्हणणाऱ्यांना मी नेहमी त्यांचे नाव सांगतो. त्यांनी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात शिकवणाऱ्या एका मुंडा प्राध्यापकाला परत बोलावले. ते रामदयाल मुंडा.

रामदयाल मुंडांचा जन्म १९३९ चा, तमाडजवळच्या दिउडी या खेड्यातला. शिक्षण खुंटीला, मग रांचीला, मग शिकागोला. तेथे भाषाशास्त्रात पीएच.डी. मिळवून ते तिकडेच अध्यापन करू लागले होते. अशा माणसाने तेथली स्थिर जागा सोडून ज्या विभागाला धड पाठ्यपुस्तकही नव्हते तेथे यावे, याचे मोल आपल्यासारख्या घर सोडून राहिलेल्या लोकांना अधिक कळेल. पुढे ते याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. २००७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१० साली पद्मश्री, त्याच वर्षी राज्यसभेचे सदस्यत्व, आणि ३० सप्टेंबर २०११ रोजी रांचीत निधन. ही झाली चरित्राची रूपरेषा. त्यांचा खरा पराक्रम मला याहून निराळा वाटतो. त्यांनी विद्यापीठात व्याकरण आणले आणि व्याकरणाबरोबर मांदर आणला.

मांदर म्हणजे मातीच्या घडणीचा, गळ्यात अडकवून दोन्ही हातांनी वाजवायचा ढोल. त्याच्या जोडीला मोठा नगारा. ही वाद्ये जेथे वाजतात आणि गाव जेथे नाचते ती मोकळी जागा म्हणजे अखडा. आपल्या कानांना या शब्दाबरोबर लाल माती, लंगोट आणि कोल्हापूर आठवते, आणि शब्द बहुधा एकाच मुळाचा असावा. पण येथील अखड्यात कोणी कोणाला चीत करीत नाही. संध्याकाळी काम आटोपून माणसे तेथे जमतात. मुले चालायला लागली की नाचाच्या ओळीच्या टोकाला जोडली जातात. पूर्वी उराँवांच्या गावात धुमकुडिया नावाचे तरुणांचे सामाईक घर असे आणि मुंडांच्या गावात गितिओडा. मुले रात्री तेथे झोपत, आणि गाणी, कहाण्या, शेतीची व शिकारीची कामे, वडीलधाऱ्यांशी वागण्याची रीत, हे सारे तेथेच शिकत. रांचीचे वकील शरच्चंद्र रॉय यांनी या संस्थांची बारकाईने नोंद करून ठेवली आहे. मुंडांवरचा त्यांचा ग्रंथ १९१२ चा आणि उराँवांवरचा १९१५ चा. ज्यांचे खटले ते न्यायालयात चालवीत, त्यांच्याच जीवनाचा त्यांनी अभ्यास केला.

तेव्हा अखडा ही करमणुकीची जागा नव्हे, ती शाळा होती. आपल्याकडच्या शिक्षणपद्धतीने तिच्यातले गाणे व नाच उचलून 'सांस्कृतिक कार्यक्रम' या सदराखाली संमेलनाच्या एका संध्याकाळी नेऊन ठेवले आणि उरलेले शिक्षण वर्गात नेले. रामदयाल मुंडांनी विद्यापीठाच्या आवारात अखडा आणला तो ही ताटातूट मोडण्यासाठी. सकाळी वर्गात ज्या गाण्याचे शब्द फळ्यावर लिहिले, तेच संध्याकाळी पायांनी म्हणायचे. यावर नाके मुरडणारे लोक त्या काळी असणारच. विद्यापीठात नगारा वाजतो म्हणजे काय! त्यांना मुंडांचे उत्तर ठरलेले असे, आणि ते झारखंडात आता म्हणीसारखे झाले आहे: जे नाची से बांची. मराठीत ते जसेच्या तसे येते: जो नाचेल तो वाचेल. 'वाचणे' या आपल्या क्रियापदात जीव वाचणे आणि पुस्तक वाचणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मूळ नागपुरी वाक्यात दुसरा अर्थ नाही, तो मराठीने आपल्या पदरचा घातला. पण विद्यापीठातल्या अखड्याला तो जितका शोभतो तितका मूळ अर्थही शोभत नसेल.

पहिल्या पिढीच्या अध्यापकांपुढे काय अडचणी असतील याची कल्पना करून पाहा. ज्या भाषेची पदवीच अस्तित्वात नाही, तिचा पदवीधर शिक्षक कोठून आणणार? ज्यांनी गाणी जमवली होती, कहाण्या लिहून ठेवल्या होती अशी माणसे शोधूनच काम सुरू झाले. नागपुरीसाठी बिसेश्वर प्रसाद केशरी होते. खडियासाठी रोज केरकेट्टा होत्या. या बाईंनी प्रेमचंदांच्या कथा खडियात नेल्या. अभ्यासाला आधी लोकांच्या तोंडचे साहित्य, मग त्यावरून पुस्तक, असा हा उलटा क्रम होता. ज्येष्ठांना आठवत असेल, आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या विद्यापीठात पोचल्या तेव्हाही क्रम हाच होता.

लिपीचा प्रश्नही मोठा गमतीचा आहे. संथाळीसाठी रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये ओल चिकी लिपी रचली, 'हो'साठी लाको बोदरा यांनी वारंग क्षिती, आणि कुडुखसाठी नारायण उराँव या पेशाने वैद्यक असलेल्या गृहस्थांनी तोलोंग सिकी. प्रत्येक जमातीला वाटते, आपली भाषा आपल्या अक्षरांत दिसावी. पोटापाण्याच्या सोयीसाठी देवनागरी हवी असे म्हणणारेही आहेत. मोडी सोडून देवनागरीत स्थिरावलेल्या आपण मराठी मंडळींनी या वादात फार शहाणपणा सांगू नये असे मला वाटते. संथाळी २००३ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली आणि २००५ पासून तिला साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळू लागले. बाकीच्या आठ भाषा अजून त्या दाराबाहेर आहेत.

आता मी आपणांस सरहुलकडे नेतो.

चैत्र शुद्ध तृतीया. ज्या दिवशी आपल्या घरी चैत्रगौर पाळण्यात बसते आणि आंब्याची डाळ वाटली जाते, तोच हा दिवस. पाडव्याची गुढी उतरून दोन दिवसही झालेले नसतात. सालवृक्षाला या सुमारास फिकट, बारीक फुलांचे घोस येतात आणि त्या फुलांचा हा सण. उराँव त्याला खद्दी म्हणतात, मुंडा बा परब, संथाळ बाहा, खडिया जंकोर. 'बा' म्हणजे फूल. धरतीचे आणि सूर्याचे हे लग्न अशी उराँवांची भावना आहे. गावाचा पाहन, म्हणजे पुजारी, सालवृक्षांच्या राईत, सरनास्थळी पूजा करतो, घड्यांत पाणी भरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी पाहून यंदा पाऊस कसा होईल ते सांगतो. आपल्यापैकी जे बुलढाण्याकडचे आहेत त्यांना अक्षय्यतृतीयेची भेंडवळची घटमांडणी आठवली असेल. मग पाहन प्रत्येकाच्या कानावर किंवा केसांत सालाचे फूल खोवतो.

विद्यापीठातला सरहुल बहुधा मुख्य तिथीच्या आधी होतो. याचे कारण मला फार आवडले. मुख्य दिवशी विद्यार्थ्यांना आपापल्या गावी जायचे असते. विद्यापीठाचा सण गावच्या सणाच्या आड येता कामा नये, हा तो विवेक. आवारात पूजा होते, लाल काठाच्या पांढऱ्या साड्या नेसलेल्या मुली आणि डोक्याला गमछे बांधलेली मुले नऊ भाषांच्या नऊ टोळ्यांनी येतात, आणि मांदर घुमू लागला की टोळ्या कोणत्या होत्या हे पुढे ओळखू येत नाही.

मी तेथे प्रथम गेलो तो कार्यालयातील एका सहकाऱ्यामुळे. हे गृहस्थ गुमला जिल्ह्यातले, उराँव. आमच्या विभागात त्यांच्याइतके शुद्ध हिंदी कोणी बोलत नसे आणि टिपण लिहावे तर त्यांनीच. गावाहून आईचा दूरध्वनी आला की मात्र ते उठून व्हरांड्यात जात आणि हलक्या आवाजात कुडुखमध्ये बोलत. घरी मुलांशी ते कटाक्षाने हिंदीतच बोलत आले होते. शाळेत त्यांच्या स्वतःच्या उच्चारांना मुले हसली होती, ते आपल्या मुलांच्या वाट्यास येऊ नये ही त्यांची इच्छा. यात त्यांना दोष देण्याचा अधिकार निदान या सभागृहात तरी कोणाला नाही.

त्यांची मुलगी बी.ए. झाली आणि बापाला न विचारता तिने कुडुख घेऊन एम.ए.ला नाव घातले. घरात बरेच दिवस अबोला होता. बापाचे म्हणणे असे की जी भाषा सोडण्यासाठी मी एवढा खटाटोप केला, तिची पदवी घेऊन तू काय मिळवणार? मुलगी सुटीत गावी आजीकडे गेली, गाणी उतरवून घेऊ लागली आणि परत आल्यावर बापाशी कुडुखमध्ये बोलू लागली. सहा महिने बाप तिला हिंदीतून उत्तरे देत होता. हे सगळे त्यांनी मला पुढे स्वतःच सांगितले.

त्या वर्षी सरहुलला त्यांनी मला बरोबर नेले. मला वाटते, एकट्याने जाण्याचा त्यांना संकोच वाटत असावा. आम्ही दोघे कडेला, सरकारी माणसे उभी राहतात तसे हात मागे बांधून उभे होतो. नाचाची ओळ फिरत आमच्यासमोर आली. मुलीने ओळ न मोडता एक हात सोडवला आणि बापाचा हात धरून त्यांना आत ओढले. तोंडाने काही बोलली नाही. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाची पावले पहिली दोन-तीन आवर्तने चुकली आणि नंतर चुकली नाहीत. लहानपणी पायांत शिरलेली ती चाल शाळेने, नोकरीने आणि शुद्ध हिंदीनेही निघाली नव्हती. मग मलाही कोणीतरी ओढले. माझी पावले शेवटपर्यंत चुकत होती, पण दोन्ही बाजूंचे हात घट्ट असल्यामुळे मी पडलो नाही. या नाचाची रचनाच अशी आहे की शिकाऊ माणूस दोन जाणत्यांच्या मध्ये धरला जातो.

तेथून घरी आल्यावर मला आपल्या भोंडल्याची आठवण झाली. भाद्रपदात त्यांचा करमा येतो. शुद्ध एकादशीला. करमाच्या फांदीची पूजा होते, त्याआधी काही दिवस कुमारिका टोपलीत धान्य रुजवतात आणि त्या जावाच्या टोपल्यांभोवती गातात. घटस्थापनेला धान्य पेरणाऱ्या आपल्या बायकांना यात नवल वाटण्यासारखे काही नाही. रात्रभर अखड्यात फेर चालतो. विद्यापीठाच्या अखड्यातही करमा होतो. आणि हा दिवस नेमका आपल्या गणेशोत्सवात पडतो, गणेशचतुर्थी व अनंतचतुर्दशी यांच्या मध्ये. मंडळाच्या कार्यकर्त्यांना वर्षभरात सर्वांत कमी उसंत असते ती याच दिवसांत. म्हणजे शेजारच्या घरी मांडव आणि आपल्याही घरी मांडव, अशी ही वर्षानुवर्षांची चुकामूक आहे.

भोंडल्याविषयी सांगत होतो. हस्त नक्षत्रात पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती मुलींनी फेर धरायचा, गाणी म्हणायची, शेवटी खिरापत ओळखायची. माझ्या बहिणींचा भोंडला मी पाहिला आहे असे मी म्हणू शकत नाही, कारण मुलग्यांना कोणी तेथे थारा देत नसे. तो पाहण्याचा प्रकारच नव्हता. मी या मंडळात आलो तेव्हा भोंडला मागच्या अंगणात होई. काही वर्षांपूर्वी सभागृहाचे नूतनीकरण झाले, चांगला रंगमंच मिळाला, आणि भोंडला रंगमंचावर गेला. तो तेथे गेल्याबरोबर फेराचे अर्धवर्तुळ झाले, कारण प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही! पंधरा मुली ओळीने उभ्या राहून समोर पाहत गातात, मध्ये हत्ती आहे पण त्याच्याभोवती कोणी नाही. आयाबाया खाली खुर्च्यांवर बसून भ्रमणध्वनीवर चित्रे घेतात. गाणी कोणाला येतात? रंगमंचावरच्या पंधरा जणींना, तीही सरावापुरती.

अखड्यात खुर्च्या नसतात. आणि ही गोष्ट मांदर, पीसे, साड्या यांपेक्षा महत्त्वाची आहे, कारण त्या रचनेत गाणे न येणाऱ्याला बसून राहण्याची सोय नाही. त्याला ओळीत घेतले जाते, आणि तिसऱ्या फेरीला धृपद त्याच्या तोंडात येते.

हे सांगताना मी विद्यापीठातील उत्सवांचे आंधळे कौतुक करू इच्छीत नाही. शिक्षणसंस्थांतून होणाऱ्या अशा पुष्कळ समारंभांत खुर्च्या मागच्या दाराने आत येतातच. मान्यवरांसाठी मांडव, सत्कार, पुष्पगुच्छ, तासभर भाषणे, आणि त्या वेळेत पोशाख करून उन्हात ताटकळणारी मुले. पाहुण्यांना स्टेशनवर घ्यायला आदिवासी मुलींना नाचवत नेण्याची एक रीत आपल्या देशात रूढ आहे, ती मला नेहमीच अपमानकारक वाटत आली आहे. शिवाय वर्षातून दोन दिवस मांदर वाजवला आणि उरलेले वर्ष त्या भाषेचा अध्यापक तासिकेच्या मानधनावर ठेवला, तर तो हिशेब जुळत नाही. कोणत्याही संस्थेत उत्सवाचा खर्च आणि अध्यापकांचा खर्च हे दोन आकडे शेजारी मांडून पाहावे, म्हणजे कोणती भाषा जगवायची आहे आणि कोणती मिरवायची आहे ते तत्काळ कळते. लेखापरीक्षकाचा हा आडाखा सहसा चुकत नाही.

या ठिकाणी एका मराठी माणसाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. गणेश देवी हे मूळचे भोरचे. बडोद्याच्या विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. १९९६ साली ती नोकरी सोडून त्यांनी आदिवासी भाषांच्या कामाला वाहून घेतले आणि गुजरातमधील तेजगढ येथे आदिवासी अकादमी उभी केली. त्यांनी विद्यापीठ सोडून खेडे गाठले, मुंडांनी खेड्यातला अखडा विद्यापीठात आणला. यांतला कोणता मार्ग बरा यावर विद्वानांनी वाद घालावा. माझ्यासारख्या संसारी नोकरदाराला दुसरा जवळचा वाटतो, कारण तो माझ्या घरापासून दोन कोसांवर आहे.

आणि हे सर्व आपल्याला परके आहे असेही नाही. मेळघाटातील कोरकू लोकांची भाषा ही मुंडारीची सख्खी नातेवाईक आहे. पाण्याला मुंडारीत 'दा' आणि कोरकूतही जवळजवळ तोच शब्द. म्हणजे येथील विभागात बसून मुंडारी शिकलेल्या मुलीला अमरावती जिल्ह्यातल्या एका आजीचे बोलणे अर्धेमुर्धे ओळखीचे वाटेल, जे अमरावती शहरातील तुम्हा-आम्हाला वाटत नाही. येथे सर्वांच्या तोंडी असणारा 'जोहार' तर आपल्या संतवाङ्मयातला. एकनाथांच्या भारुडांत 'जोहार' हा एक स्वतंत्र प्रकारच आहे, आणि पालघर-नाशिककडच्या आदिवासींत हाच नमस्काराचा शब्द आहे. मोरहाबादीच्या ज्या टेकडीला टागोर हिल म्हणतात, तेथे रवींद्रनाथांचे वडीलबंधू ज्योतिरिंद्रनाथ आयुष्याची अखेरची वर्षे राहिले. १९२५ मध्ये ते रांचीतच वारले. मराठी जाणणाऱ्या या बंगाली गृहस्थांनी लोकमान्यांचे 'गीतारहस्य' बंगालीत नेले. सहलीला त्या टेकडीवर जाणारी आपली किती मुले हे जाणतात, कोण जाणे.

आता व्यवहाराचे बोलतो. या भाषांच्या एम.ए.ला जातीची किंवा जन्माची अट नाही. आपल्या कुटुंबांत येथेच जन्मलेली, येथेच नोकरी करू इच्छिणारी मुले आहेत. राज्य लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत भाषेच्या प्रश्नपत्रिकेसाठी या भाषा घेता येतात, हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसते. ज्यांना पदवी नको त्यांनीही निदान नागपुरी बोलण्यापुरती शिकावी. भाजीवालीशी आणि घरकामाला येणाऱ्या बाईंशी पन्नास वर्षे हिंदीत बोलणारे आपण, आणि आपल्याशी तितकीच वर्षे हिंदीत बोलणाऱ्या त्या. दोन्ही बाजूंना ती परकीच. मोरहाबादीलाच आदिवासी संशोधन संस्था आहे, आज ती रामदयाल मुंडांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यात संग्रहालय आहे. लहान मुलांना तेथून सुरुवात करून द्यावी, पण तेवढ्यावर थांबू नये, कारण काचेआडचा मांदर वाजत नाही.

कार्यकारिणीपुढे मी दोन सूचना लेखी दिल्या आहेत, त्या येथेही सांगतो. पहिली, पुढच्या आश्विनात भोंडला रंगमंचावरून उतरवून पुन्हा मागच्या अंगणात न्यावा आणि त्या संध्याकाळी अंगणात एकही खुर्ची ठेवू नये. गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी ओटा आहे, आणि गाणी त्यांनाच येतात. दुसरी, गणेशोत्सवात एकादशीचा संध्याकाळचा कार्यक्रम मोकळा ठेवावा, आरती लवकर आटोपावी, आणि ज्यांना यायचे असेल त्यांनी करमाला अखड्यात यावे. माझे ते सहकारी आता निवृत्त होऊन गुमल्याला गेले आहेत, पण त्यांची मुलगी रांचीतच शिकवते. मी तिला विचारून ठेवले आहे. तिने एवढेच सांगितले की मंडळी कितीही आली तरी हरकत नाही, फक्त पायांत वहाणा नकोत आणि निमंत्रणपत्रिकेवर प्रमुख पाहुणे म्हणून कोणाचे नाव नको.

जाणाऱ्यांची यादी बाहेर टेबलावर ठेवली आहे.  जोहार.